कूप नंबर सतरा

फेब्रुवारी. सागाने पानं टाकलीत,
चालताना पायाखाली पापड मोडतात.
माझ्याकडे टेप आणि हातोडा, निकेशकडे रजिस्टर,
दसरू कुमोटीकडे कुऱ्हाड,
कमरेला चार गाठींची सुंभाची दोरी
आणि गालात तंबाखू, म्हणून बोलणं बेताचं.

छातीच्या उंचीवर घेर घ्यायचा असतो.
कोनाच्या छातीच्या, त्याने पहिल्याच दिवशी विचारलं होतं,
तुमच्या का माह्या?
साडेचार फूट, मी म्हटलं, पुस्तकात आहे.
त्याने झाडाला टेकून खांद्याखाली बोट ठेवलं.
टेप लावला. साडेचार फूट.

नाल्यापलीकडे नुसत्या सागाचा प्लॉट,
सगळे एका साली लावलेले, एका उंचीचे,
प्रार्थनेला उभ्या आश्रमशाळेसारखे.
एक दिवस सगळे एकदम जातील,
आणि टेकडी न्हाव्याकडून उठून आल्यासारखी दिसेल.

इथे तसं नाही.
इथे शंभर वर्षं आणि चार पानं
एका हाताच्या अंतरावर असतात.
मी निकेशला समजावते: जंगल वर्षाला जेवढं जाडावतं
तेवढंच उतरवायचं, जास्त नाही.
निकेश म्हणतो, पण मॅडम, ते जाडावणं
सगळ्या झाडांवर पातळ लावलेलं असतं,
भाकरीवरच्या तेलासारखं.
ते खरवडणार कसं?

खरवडता येत नाही.
म्हणून एक अख्खं झाड उचलायचं
बाकीच्यांच्या नावानं.

दोनशे अकरा: धावडा, वाकडा, वाद नाही.
दोनशे बारा: साग.
घेर एकशे अडुसष्ट, तीस फुटांपर्यंत फांदी नाही,
सरळ, जसा कोणी वरून ओळंबा सोडलाय.
निकेश मनातल्या मनात डेपोचा भाव लावतो,
ओठ हलतात त्याचे.
दसरू झाडाकडे पाहतच नाही. उकिडवा बसतो
आणि म्हणतो, पोरा, बूट उचल.

बुटाखाली रोपटं. चार पानं, तीही करपलेली.
वय सांग याचं.
एक वर्ष? दोन?
तुह्याएवढं नसंल, पण शाळेत जाऊन रायलं असतं.
दर उन्हाळ्यात वणवा याले वरून खाते,
दर साली हे खालून जाड होते.
वर बोटभर, मातीत मुळा.
बसून रायलं आहे. जागेची वाट पाहून रायलं.

मग कुऱ्हाडीच्या दांड्याने तो खोडावर ठक ठक करतो,
ओळखीच्या दारावर करतात तसं.
या सागाले मी वाचवलं होतं, बाई.
हे बारीक होतं, मीही बारीक होतो.
साहेब म्हणे दाटी झाली, काढा.
मी म्हटलं, हातोडा नाल्यात पडला साहेब.
दुपारभर शोधत होते लोक.
कुठे होता?
धोतरात.

मी टेप गुंडाळत राहते. सोडून देऊ का, विचारते.
एखादं सोडता येतं, बियाण्यासाठी म्हणून, नियमात बसतं.
तो थुंकतो, लांब, रोपट्याला चुकवून.
कायले? त्याचं वाढणं झालं आता.
आता ते नुसतं म्हातारं होऊन रायलं आहे. मार.

साल तोच सोलतो, तळहाताएवढी.
ओल्या चामड्याचा वास येतो.
घाव मी घालते, एकच, कारण दुसरा घातला तर अक्षर बिघडतं.
बुंध्याशी आणखी एक.
जमिनीलगत कापायले सांगजा, तो म्हणतो,
उतार देऊन, पाणी साचू नये,
खोडही पुन्हा फुटंल मग.

निकेशचा पेन रकान्यावर थांबतो.
कारण काय लिहू?
परिपक्व, मी म्हणते.
लिही ऊन, दसरू म्हणतो.

निकेश माझ्याकडे पाहतो. परिपक्व लिहितो.

दोनशे तेरा ऐन होता, मगरीच्या पाठीचा,
ढोलीत काहीतरी हललं म्हणून सोडला.
मग डबे उघडले, जवसाची चटणी, कांदा.
परतताना त्याच वाटेने आलो.
साग उभाच होता अजून, पोटावर नंबर घेऊन,
सावलीही होती तितकीच.
निकेश फोनवर बोलत पुढे चालला होता,
बोलता बोलता
त्या चार पानांना वळसा घालून गेला.